एका गाडीतून जायचं तर

दर मंगळवारी संध्याकाळी टीपल नवरा-बायको एकाच ठिकाणी दोन गाड्यांनी जायचे. पुढे ऑरिन, आपल्या सत्तर सालच्या गडद हिरव्या ओल्डस्मोबिलमध्ये. मागे मार्लिस, करड्या, निमूट सेडानमध्ये. डिकीत दोन घडीच्या खुर्च्या, बर्फाचा डबा आणि अंड्याची सँडविचेस. नदीकाठच्या आइस्क्रीमच्या दुकानासमोर जुन्या गाड्यांचा मेळा भरायचा. ज्याने त्याने गाडी रांगेत लावायची, पुढे बॉनेट उघडायचं आणि खुर्ची मात्र मागे टाकून बसायचं. असं का, हे मार्लिसने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. काही प्रश्न नवऱ्यांना विचारण्यात अर्थ नसतो.

ती त्या हिरव्या गाडीत बसली नव्हती त्याला नऊ वर्षं होत आली होती. भांडण नव्हतं. कारण होतं इंजिनच्या पोटातला एक लोखंडी दांडा. कॅमशाफ्ट त्याचं नाव. घरात त्याला नुसतं कॅम म्हणत, एखाद्या लांबच्या नातेवाइकाला म्हणावं तसं. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, आणि कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा हे ते उंचवटे ठरवतात. थोडक्यात, गाडीचा स्वभाव तिथे ठरतो. मार्लिसने हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नसला की माणूस आपोआप शिकतो.

नऊ वर्षांपूर्वीपर्यंत गाडीत कारखान्यातून आलेलाच कॅम होता. मग एका मंगळवारी ऑरिनचा मित्र ड्वेन कुकला ह्याने सगळ्यांसमोर विचारलं, “ऑरिन, गाडी आणलीस की मार्लिसचं शिलाई मशीन?” माणसं हसली. ऑरिनही हसला, पण घरी आल्यावर जेवला नाही. त्या हिवाळ्यात त्याने मिळेल तो सगळ्यात दांडगा कॅम आणून गाडीत घातला आणि वर हात धुवायच्या बेसिनएवढा कार्ब्युरेटर बसवला.

तेव्हापासून गाडी उभी असली की सगळी थरथरायची. धडाड धड, धड... धडाड. आत्ता बंद पडेल, आत्ता पडेल असं वाटायचं आणि पडायची नाही. ह्या न पडण्यातच सगळी मजा आहे, असं ऑरिनचं म्हणणं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून माणसं ते फायरिंग ऐकायला यायची, हाताच्या घड्या घालून, डोळे मिटून, चर्चमध्ये ऑर्गन ऐकावा तशी. गाडी चालवायला मात्र कोणी मागत नसे.

आत बसणाऱ्याचे हाल वेगळे. केसांना पेट्रोलचा वास. सिग्नलला उभं राहिलं की दात एकमेकांवर आपटायचे, बोललेला शब्द ऐकू यायचा नाही. आणि ब्रेक. ते इंजिनच्या ओढीवर, म्हणजे इंजिन हवा शोषतं त्या जोरावर चालायचे, आणि गाडी हळू असताना ह्या कॅमला ओढच नव्हती. एका रविवारी ल्यूथरन चर्चसमोरच्या चौकात ऑरिनने ब्रेक दाबला तर पेडल दगड झालेलं. गाडी थांबली, पण झेब्रा पट्ट्यांच्या मधोमध, भजनं म्हणणाऱ्या बायकांच्या पुढ्यात. मार्लिसने पर्स उचलली, दार उघडलं, बायकांना “गुड मॉर्निंग” म्हटलं आणि चालत घरी आली. त्यानंतरच्या मंगळवारी ती सेडान घेऊन त्याच्या मागून गेली. दोघांनीही त्यावर चर्चा केली नाही, आणि न केलेल्या चर्चेची हळूहळू पद्धत झाली.

ह्या एप्रिलमध्ये ऑरिन गॅरेजमधून स्वयंपाकघरात आला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, “गेला.”

मार्लिसच्या हातातून बटाटे सोलायची सुरी निसटली. “कोण?”

“कॅम. एक उंचवटा पार झिजून सपाट झालाय.”

“अरे देवा, ऑरिन! मला वाटलं तुझा भाऊ.”

“भावाला काय धाड भरलीय,” ऑरिन खुर्चीत बसत म्हणाला. खरोखरच घरात कोणी गेल्यासारखा त्याचा चेहरा होता. मार्लिसने त्याच्यासमोर कॉफी ठेवली. तिला वाईट वाटत होतं, पण कॅमसाठी नाही. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, प्रामाणिकपणे सांगायचं तर, आशेची छोटीशी मेणबत्ती पेटली होती.

ऑगस्टमध्ये त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. समुद्राएवढ्या सरोवराच्या काठाकाठाने उत्तरेला जायचं, सामुद्रधुनीवरचा मोठा पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या त्या लाकडी खोल्यांमध्ये राहायचं, जिथे ते पहिल्यांदा ह्याच गाडीतून गेले होते, असं ऑरिन गेली पाच-सहा वर्षं म्हणत होता.

“एक सांगते,” मार्लिस म्हणाली. “उत्तरेला मी तुझ्या मागून सेडानमध्ये येणार नाही. एका गाडीतून जायचं तर येते.”

“ओल्ड्समधूनच जायचं.”

“मग माणूस बसू शकेल असा कॅम घाल. नाहीतर तू एकटा जा आणि मला तिकडून पोस्टकार्ड पाठव.”

ती हे हसत म्हणाली, पण थट्टेत म्हणाली नाही, आणि ते ऑरिनला कळलं. तो कॉफी ढवळत राहिला. साखर त्याने घातलीच नव्हती.

दोन दिवसांनी त्याने कॅम बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथे सल्ला द्यायला माणूस असतो. तो गाडीबद्दल विचारतो आणि कुठला कॅम बसेल ते सांगतो. ऑरिनला हल्ली कमी ऐकू यायचं (कशामुळे, ते वेगळं सांगायला नको), म्हणून फोन मोठ्या आवाजावर ओट्याच्या टोकाला ठेवलेला. मार्लिस शेजारीच रुबार्बचे आंबट देठ चिरत होती.

“मी रँडल बोलतोय सर,” पलीकडून दक्षिणेकडचा संथ, गोड आवाज आला. “गाडीचं वजन किती असेल?”

ऑरिनने आकडा सांगितला. मार्लिसने सुरी थांबवली. त्याने आत्ताच गाडीतून मागची सीट, स्पेअर चाक आणि बहुतेक स्वतःलाही वजा केलं होतं.

“मागचे गिअर?”

“आखूड. शर्यतीचे.”

“अच्छा. आणि गाडी वापरता कशासाठी, सर?”

ऑरिनने घसा साफ केला. “रस्त्यावर, आणि... शनिवार-रविवार ड्रॅग स्ट्रिपवर.”

ड्रॅग स्ट्रिपवर, सरळ रेषेतल्या शर्यतीच्या त्या पट्टीवर, तो शेवटचा गेला होता तेव्हा त्यांची मुलगी बाबागाडीत होती. त्या मुलीला आता स्वतःचे चष्मे सापडत नाहीत.

“किती वेळा जाता स्ट्रिपवर?”

“जमेल तसं.”

“मागचे गिअर मूळचेच आहेत,” मार्लिस रुबार्बला उद्देशून म्हणाली.

ऑरिनने डोळे वटारले.

“मॅडम आहेत का तिथे?” रँडलने विचारलं. आवाजात एकदम जीव आला होता.

“आहेत,” ऑरिन म्हणाला. “स्वयंपाक करतायत.”

“मॅडम, गाडीचे ब्रेक इंजिनच्या ओढीवरचे आहेत का?”

“आहेत. चर्चसमोर थांबत नाहीत.”

“मार्ल!”

“आणि गाडी खरी जाते कुठे?”

“आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत. शिवाय चार जुलैच्या मिरवणुकीत, शाळेच्या बँडच्या मागून. मागच्या वर्षी तीनदा बंद पडली. ट्रॉम्बोनवाल्या पोरीने ढकलायला मदत केली.”

रँडल हसला नाही. माणूस सभ्य होता, किंवा त्याने फोन तोंडापासून लांब धरला असावा. मग म्हणाला, “सर, मनाला लावून घेऊ नका. माझं सगळं आयुष्य ह्या फोनवर गेलं. ड्रॅग स्ट्रिपवर रोज इतकी माणसं जातात, असं मला सांगतात, की तिथे उभं राहायला जागा नसेल. आणि मग हीच माणसं तीन महिन्यांनी फोन करतात: ब्रेक लागत नाही, गाडी तापते, बायको बसत नाही.”

ऑरिनने ओट्यावरचा फोन उगाच सरळ केला.

“त्या बसत नाहीत, बरोबर?” रँडलने हळूच विचारलं.

“नऊ वर्षं,” ऑरिन म्हणाला. मार्लिसला वाटलं होतं तो मोजत नसेल.

मग रँडलने सांगितलं. ह्या वजनाला, ह्या गिअरना एक कॅम आहे. कारखान्याच्या कॅमपेक्षा थोडा तरतरीत. ब्रेकला ओढ देईल, मिरवणुकीत चालेल, दिवसभर हायवेवर कुरकुरणार नाही. आणि अगदी मुका नाही. कान दिला तर ठोका ऐकू येतो. दांडगाच हवा असेल तर तोही आहे, विकायला त्याला दोन्ही सारखेच. “पण त्या मोठ्या कार्ब्युरेटरला तेवढं निवृत्त करा. मूळचा असता तर उत्तम होतं. पुढची दोन भोकं बारीक, मागची दोन मोठी; लागतील तेव्हाच उघडतात. पण लोक तो फेकून देतात आणि मग रडतात.”

“तळघरात आहे,” मार्लिस म्हणाली. “बीटच्या बरण्यांच्या शेजारी, निळ्या टॉवेलात.”

“तू ठेवलास?” ऑरिनने विचारलं.

“टॉवेल चांगला होता.”

ऑरिनने रँडलचे आभार मानले, विचार करून कळवतो म्हणाला आणि फोन बंद केला. मग खिडकीशी जाऊन उभा राहिला. बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यात तीस-बत्तीस हंगाम राशींवर उभं राहिलेली ती पाठ. अजून रुंद होती, पण शर्ट तिच्यावर हल्ली सैल बसायचा.

“चेष्टा केलीस माझी,” तो म्हणाला.

“थोडीशी.”

“तुला नाही कळायचं, मार्ल. कारखाना सुटल्यापासून मी कुठेही गेलो तर कोणी मान वर करत नाही. मंगळवारी मी मैदानात शिरतो तेव्हा सगळे वळून बघतात. तो आवाज गेला तर माझ्याकडे कोण बघणार?”

मार्लिसने हात पुसले. थट्टेचं एक वाक्य जिभेवर आलेलं तिने गिळलं. असं ती वर्षातून एकदोनदाच करायची.

“मी बघते की,” ती म्हणाली. “नऊ वर्षं दर मंगळवारी मागून तुझ्याकडेच बघतेय. तुझा उजवीकडचा मागचा दिवा तिरका बसलाय. वळताना तू अजून हात बाहेर काढतोस, इंडिकेटर असताना. आणि रेल्वेच्या फाटकापाशी मान वळवून बघतोस, मी मागे आहे की नाही.”

ऑरिनने बाहेर जाऊन गाडीचा मागचा दिवा बघितला. तिरका होता.

त्यानंतर तिने कॅमचा विषय काढला नाही. जे सांगायचं ते सांगून झालं होतं. पुन्हा सांगितलं असतं तर ते तिचं ठरलं असतं, आणि तिला ते त्याचं हवं होतं. ऑरिनने गॅरेजमधून परत एकदा फोन केला, दार लावून. मे महिन्यात एक लांबट, जड खोकं आलं. मार्लिसने सही केली, खोकं दाराशी उभं करून ठेवलं आणि त्याच्यावर काय छापलंय ते वाचू नये म्हणून चष्मा काढून खिशात घातला.

तळघराची पंचाईत मोठी होती. निळा टॉवेल जागेवर आहे की नाही एवढं बघितलं असतं तर सगळा उलगडा झाला असता. मार्लिसने ठरवलं, बघायचं नाही. बीटची बरणी आणायला ती छताकडे बघत उतरली, हाताने चाचपून बरणी घेतली आणि वर आली. बरणी बीटची नव्हती, पीचची निघाली. त्या रात्री त्यांनी डुकराच्या मांसाबरोबर पीच खाल्ले आणि ऑरिन म्हणाला, “वा, नवीन काहीतरी.”

ड्वेन मदतीला यायचा. तो शेजारच्याच गल्लीत राहायचा. त्याची नारिंगी डॉज ऑरिनच्या गाडीपेक्षाही जास्त थरथरायची. त्याच्या शेजारच्या सीटवर त्याची हत्यारांची पेटी बसायची, आणि तिला पट्टा बांधलेला असायचा. बायको शीला सोडून गेल्यापासून ती सीट पेटीचीच.

“काय रे ड्वेन, कुठला कॅम घालताय?” मार्लिसने एकदा केकची ताटली पुढे करत सहज विचारलं. स्वतःला न विचारायचं वचन दिलेलं. ड्वेनला विचारायचं नाही असं कुठे ठरलं होतं?

ड्वेनने केक आधी घेतला, मग खाल्ला, मग म्हणाला, “मार्लिस, मला तुझ्या नवऱ्याने धमकी दिलीय. म्हणाला, तोंड उघडलंस तर तुझी गाडी मीच ट्यून करीन.”

“म्हणजे लाजण्यासारखंच काहीतरी असणार.”

“आणखी एक तुकडा मिळेल का?” ड्वेन म्हणाला.

जूनच्या एका शनिवारी सकाळी ऑरिन स्वयंपाकघराच्या दारात आला. हात धुतलेले, शर्ट स्वच्छ. “सुरू करतोय. येतेस?”

गाडी अंगणात आणून ठेवली होती. इंजिनवर हवेच्या गाळणीचं काळं, गोल झाकण बसलेलं. खाली कुठला कार्ब्युरेटर आहे ते दिसत नव्हतं. झाकण मुद्दाम पुसून चकाचक केलेलं. ड्वेन बागेतला पाण्याचा पाइप घेऊन रेडिएटरसमोर उभा होता, अग्निशमन दलात नेमणूक झाल्यासारखा. ऑरिन आत बसला, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं, आणि एकदम पेटलं.

पण आवाजावरून काही कळलं नाही. नवा कॅम पहिल्यांदा सुरू झाला की त्याला हळू धडधडू द्यायचंच नसतं. पहिला अर्धा तास रेस वाढवूनच ठेवायची, म्हणजे तेल सगळीकडे उडतं आणि नवे उंचवटे नीट घासून बसतात. नाहीतर ते तिथल्या तिथे सपाट. म्हणून इंजिन नुसतं एका सुरात ओरडत होतं. त्या ओरडण्यात दांडगा कॅम काय आणि शहाणा काय, सारखेच. समोरच्या घरातली म्हातारी पडदा बाजूला करून बघून गेली. कुत्री भुंकून थकली. ड्वेन रेडिएटरवर पाणी उडवत होता, आणि वाफेत त्याचा चष्मा पांढरा झाला होता.

मार्लिस पायरीवर बसली. तिने मनाशी तयारी केली. दांडगा असेल तर? ती रागावणार नव्हती. मंगळवारी मागून जाईल, सँडविचेस करील. फक्त उत्तरेला जाणार नाही, आणि तो एकटा जाणार नाही हेही तिला माहीत होतं. मग कोणीच जाणार नाही, आणि पुढच्या वर्षीही बोलणं तेच. इतकंच. एवढ्याने कोणी मरत नाही. पण बसल्या बसल्या तिने पायरीच्या फटीतलं सगळं गवत उपटून काढलं होतं.

शेवटी ऑरिनने घड्याळाकडे बघितलं, मग काचेतून तिच्याकडे. आणि पाय हळूहळू सोडला.

आवाज खाली आला. आणखी खाली. मार्लिस थरथर सुरू व्हायची वाट बघत होती. गाडी खाली येऊन एका खोल, रुंद घरघरीवर टेकली आणि तिथेच राहिली. मध्येच एखादा ठोका जरा उशिरा पडायचा, जिन्याच्या एका पायरीवर मुद्दाम रेंगाळावं तसा, आणि परत सूर धरायचा. बॉनेटवर ठेवलेला ड्वेनचा कॉफीचा कप हलत नव्हता.

मार्लिस उठली आणि तरातरा घरात गेली.

बाहेर इंजिन बंद झालं.

ती स्वयंपाकघरात, ओट्याशी, दोन्ही हात टेकून उभी होती. खिडकी तिने नुकतीच वर सरकवली होती. तिच्या वडिलांच्या घरीही ओट्यावर अशीच खिडकी होती. चौऱ्याऐंशी साली शुक्रवारी संध्याकाळी ती तिथे भांडी विसळत असायची, आणि दोन गल्ल्या पलीकडून अशीच घरघर यायची. वडील वर्तमानपत्र खाली न करता म्हणायचे, “आला तुझा हिरवा.” मग ती हात तसेच ओले घेऊन आरशाकडे पळायची. आपण ती घरघर विसरलोय हेच तिला आजवर आठवलं नव्हतं.

“बघ,” बाहेर ड्वेनचा आवाज. “तुला म्हटलं होतं, आधी तिला विचार. आता गेली आत.”

“आवडला नाही,” ऑरिनचा आवाज. “आता काय करू?”

“मला काय विचारतोस? माझ्या शेजारी पेटी बसते.”

मार्लिसने डोकं खिडकीबाहेर काढलं. “ऑरिन! बंद का केलीस?”

दोन्ही पुरुष दचकले. ड्वेनच्या हातातल्या पाइपने ऑरिनचा स्वच्छ शर्ट भिजवला.

“तू आत गेलीस म्हणून...”

“आतूनच ऐकायचा होता. चालू कर परत. आणि तिथून नको, दोन गल्ल्या पलीकडे जाऊन परत ये.”

“कशाला?”

“मी सांगतेय म्हणून!”

ऑरिनने ड्वेनकडे बघितलं. ड्वेनने खांदे उडवले. गाडी सुरू झाली, मागे आली, वळताना ऑरिनचा हात सवयीने बाहेर आला, आणि हिरवी गाडी मेपलच्या झाडांमागे दिसेनाशी झाली. मार्लिसने नळ सोडला आणि सकाळचेच दोन कप पुन्हा विसळायला घेतले. थोडा वेळ नुसते पक्षी. मग दोन गल्ल्या पलीकडून ती घरघर आली. अगदी तीच नव्हती. जरा खोडकर होती, वयात आलेल्या मुलासारखी नाही, तर वय झालेल्या आणि ते मान्य न केलेल्या माणसासारखी. पण तीच.

ती ओल्या हातांनीच बाहेर आली. ऑरिन गाडी अंगणात लावत होता. खिडकीतून मान बाहेर काढून त्याने विचारलं, “शिलाई मशीन वाटतं का?”

“वाटलं तर वाटू दे,” मार्लिस म्हणाली. “मला शिवता येतं.”

“मंगळवारी हसतील.”

“हसू दे रे,” ड्वेन मध्येच बोलला. तो पाइपची गुंडाळी करण्यात फारच गुंतला होता. मान वर न करता म्हणाला, “ऑरिन, त्या रँडलचा नंबर आहे का तुझ्याकडे?”

ऑरिन उत्तर देणार, तोवर मार्लिस सेडानकडे गेली होती. तिने डिकी उघडली, दोन्ही घडीच्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि हिरव्या गाडीच्या मागे नेऊन ठेवल्या. मग दारावर दोनदा टकटक केली.

“डिकी उघड,” ती म्हणाली. “आणि उत्तरेचा तो पूल मीच गाडी चालवत ओलांडणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.”